ॲसिटिलकोलीन : धोत्रा व कपाशीवरील फवारणी (खानदेश)

एका तंत्रिका कोशिकेकडून (मज्जापेशीकडून) दुसऱ्या कोशिकेकडे, स्नायूकडे अथवा ग्रंथीकडे संदेश पोहोचविणाऱ्या रासायनिक पदार्थांना ‘तंत्रिका प्रेषके’ म्हणतात. त्यांपैकी सर्वांत आधी ओळखले गेलेले प्रेषक म्हणजे ॲसिटिलकोलीन होय. हात उचलणे, चालणे, श्वास घेणे यांसाठी लागणारे स्नायूंचे आकुंचन हे प्रेषक घडवून आणते. हृदयाची गती, आतड्यांची हालचाल आणि लाळ, घाम, अश्रू यांचे स्रवण यांवरही त्याचे नियंत्रण असते. मेंदूतील अवधान, स्मरण व जागृती ही कार्येही काही अंशी त्याच्यावर अवलंबून असतात. त्यामुळे या एका पदार्थाचे प्रमाण बिघडले, तर माणसाची हालचाल व त्याचे वर्तन ही दोन्ही एकाच वेळी बिघडतात.

जळगाव व धुळे जिल्ह्यांचा म्हणजे जुन्या खानदेशाचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. येथील शेताच्या बांधावर व उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारा धोत्रा ॲसिटिलकोलिनाचे कार्य रोखतो. तर त्याच शेतातील कपाशीवर गेल्या काही दशकांत फवारली गेलेली अनेक कीटकनाशके त्याचा शरीरात अतिरेक करतात. परस्परविरोधी अशा या दोन विषांच्या अभ्यासातूनच या प्रेषकाचे बरेचसे ज्ञान मिळाले असून फवारणी करताना विषबाधा झालेल्या मजुराचा जीव वाचविण्याचा उपायही त्याच ज्ञानातून निघाला आहे.

धोत्रा व वर्तन : धोत्र्याच्या निरनिराळ्या जाती सोलॅनेसी कुलात (वांगी, तंबाखू, मिरची यांच्या कुलात) मोडतात. त्याचे फूल व काटेरी फळ शंकराला वाहतात. आयुर्वेदात त्याची गणना उपविषांत केली आहे. पाने, फुले व विशेषतः बिया यांमध्ये हायोसायमीन, ॲट्रोपीन व हायोसीन (स्कोपोलामीन) ही अल्कलॉइडे असतात. बिया पोटात गेल्यास तोंडाला कोरड पडते, त्वचा लाल, कोरडी व गरम होते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि नाडी जलद चालते. त्यापाठोपाठ मनावरील परिणाम दिसू लागतात. रोगी असंबद्ध बडबडतो, समोर नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहतो, ओळखीची माणसे ओळखत नाही. कधी हसतो, तर कधी भीतीने पळू लागतो. शुद्धीवर आल्यावर मधल्या वेळेतील फारसे काही त्याला आठवत नाही.

या वर्तनबदलाचे एक जुने वर्णन गोव्यातील आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या भारतीय औषधींवरील ग्रंथात धोत्र्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. चोर अन्नातून धोत्रा खाऊ घालतात, ते खाणारा भान विसरून हसत राहतो आणि आपल्या डोळ्यांदेखत दागिने नेऊ देतो, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटिश काळात वाटसरूंना धोत्रा चारून लुटण्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत घडत. नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ मधील न्यायवैद्यकावरील ग्रंथात अशा प्रकरणांचा विस्तृत विचार केलेला आहे. वनस्पतीतील अल्पसा पदार्थ माणसाची विवेकशक्ती काही तासांपुरती काढून घेऊ शकतो, ही गोष्ट अशा रीतीने न्यायालयांना शरीरक्रियावैज्ञानिकांच्या बरीच आधी माहीत होती. तो हे कसे करतो, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकातच झाला.

प्रेषकाचा शोध : धोत्र्याच्या कुलातील बेलाडोना या वनस्पतीपासून ॲट्रोपीन हे अल्कलॉइड १८३० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले. १८६४ मध्ये प्राग येथील क्लाइनवेख्टर या डॉक्टरांनी ॲट्रोपिनाची विषबाधा झालेल्या कैद्यांवर पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार बीच्या अर्काने उपचार केले व त्याचा गुण आला. त्यानंतर एडिंबरो येथील टॉमस फ्रेझर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून ही दोन विषे एकमेकांचे परिणाम कसे खोडून काढतात, हे पद्धतशीरपणे दाखविले. दोन विषे एकमेकांविरुद्ध कार्य करीत असतील, तर शरीरातील एखाद्या समान दुव्यावर ती कार्य करीत असली पाहिजेत, हे यावरून सूचित झाले.

हा दुवा शोधण्याचे श्रेय सर हेन्री डेल (१८७५–१९६८) व ओटो लव्ही (१८७३–१९६१) यांना आहे. डेल यांनी १९१४ मध्ये ॲसिटिलकोलिनाचे दोन प्रकारचे परिणाम वेगळे करून दाखविले. एक प्रकार मस्करीन या कवकातील विषाच्या परिणामांसारखा असून तो हृदय, ग्रंथी व अंतर्गत इंद्रिये यांत दिसतो. दुसरा प्रकार तंबाखूतील निकोटिनाच्या परिणामांसारखा असून तो गुच्छिका (तंत्रिका कोशिकांचे लहान समूह) व ऐच्छिक स्नायू यांत आढळतो. १९२१ मध्ये लव्ही यांनी बेडकाच्या एका हृदयाची गती तेथील तंत्रिका उद्दीपित करून मंद केली आणि त्या हृदयाभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. दुसऱ्या हृदयाला तंत्रिकेचा स्पर्शही झालेला नसताना त्याचीही गती मंदावली. संदेश रासायनिक पदार्थामार्फत जातो, हे यावरून सिद्ध झाले. १९२९ मध्ये डेल व डडली यांनी प्राण्यांच्या प्लीहेतून (पाणथरीतून) ॲसिटिलकोलीन वेगळे केले आणि १९३६ मध्ये डेल व लव्ही यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तंत्रिकेच्या टोकातून बाहेर पडलेले ॲसिटिलकोलीन पलीकडील कोशिकेवरील ‘ग्राही’ या विशिष्ट प्रथिनांशी जोडले जाते व त्या कोशिकेला उद्दीपित वा शांत करते. एक संदेश पूर्ण झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. म्हणून हे काम होताच प्रेषक नाहीसे होणे आवश्यक असते. ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम सेकंदाच्या अत्यल्प भागात त्याचे विघटन करते. धोत्र्यातील अल्कलॉइडे मस्करिनी ग्राही अडवून ठेवतात, त्यामुळे संदेश निघूनही पोहोचत नाही. कॅलाबार बीतील फायसोस्टिग्मीन उलट त्या एंझाइमाला रोखते, त्यामुळे एकच संदेश पुन्हा पुन्हा पोहोचत राहतो.

मेंदूतील समतोल : अग्रमस्तिष्काच्या तळाशी असलेल्या कोशिकांचे तंतू मेंदूच्या बाह्यकापर्यंत ॲसिटिलकोलीन पोहोचवितात. धोत्र्यामुळे येणारा भ्रम व विस्मृती हे या मार्गातील संदेश तुटल्याचे परिणाम होत. आल्त्सहायमर रोगात (वार्धक्यातील एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात) याच कोशिकांचा ऱ्हास होतो, असे १९७६ च्या सुमारास दिसून आले. त्यामुळे उरलेले ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकावे म्हणून एंझाइमाला मर्यादित प्रमाणात रोखणारी डोनेपेझिलासारखी औषधे पुढे वापरात आली.

हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या खोल भागात ॲसिटिलकोलीन व डोपामीन या दोन प्रेषकांचा समतोल राखलेला असतो. कंपवातात डोपामीन कमी पडते, हे हॉर्नीकीविच यांनी १९६० मध्ये दाखविले. डोपामीन घटले की ॲसिटिलकोलिनाचे पारडे जड होते आणि हातापायांत कंप व ताठरपणा येतो. याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी पॅरिसमध्ये शार्को यांच्या रुग्णालयात कंपवाताच्या रोग्यांना बेलाडोनातील अल्कलॉइडे दिली जात व त्यांनी काहीसा आराम पडे. कारण माहीत नसताना केलेला तो उपाय तत्त्वतः योग्य होता. या प्रकारची पुढची औषधे आजही मर्यादित प्रमाणात वापरली जातात; परंतु वृद्धांत त्यांनी कंप कमी होत असतानाच विसराळूपणा व भ्रम उत्पन्न होतो. धोत्र्याच्या विषबाधेचेच ते सौम्य रूप होय. हालचाल सुधारणारे औषध वर्तन बिघडवू शकते, यावरून या प्रेषकाची दुहेरी भूमिका स्पष्ट होते.

फॉस्फरसयुक्त कीटकनाशके : जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेर्हार्ट श्राडर (१९०३–९०) नवीन कीटकनाशकांच्या शोधात कार्बनी फॉस्फरस संयुगांवर काम करीत होते. त्यातून १९३६ च्या अखेरीस टाबून व पुढे सारीन ही अतिविषारी संयुगे हाती आली. ती युद्धातील विषारी वायू म्हणून तयार करण्यात आली, तर त्याच गटातील पॅराथिऑन १९४४ मध्ये कीटकनाशक म्हणून पुढे आले. ही संयुगे कॅलाबार बीतील विषाप्रमाणेच एंझाइमाला रोखतात. मात्र त्यांनी जोडलेला बंध बराच टिकाऊ असतो आणि काही काळानंतर तो मुळीच सुटत नाही. मग शरीराला नवे एंझाइम तयार करावे लागते व त्यास कित्येक आठवडे लागतात. कीटक व माणूस यांच्या तंत्रिका तंत्रांत हेच एंझाइम असल्याने किडीला मारणारे रसायन फवारणाऱ्यालाही मारू शकते.

भारतात या धोक्याची तीव्र जाणीव १९५८ मध्ये झाली. जहाजातून आणलेल्या अन्नधान्यात पॅराथिऑन मिसळल्याने केरळात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेच्या चौकशीतून कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम आले. डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग दाखवून विषाची तीव्रता कळविण्याची पद्धत या नियमांनी घातली. १९८४ मध्ये भोपाळ येथे गळती झालेला मिथिल आयसोसायनेट वायूदेखील कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीत लागणारा कच्चा माल होता. कार्बारिल याच एंझाइमाला रोखणाऱ्या कार्बामेट गटातील आहे.

खानदेशातील कपाशी : तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कापसाला अनुकूल आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला, तेव्हा खानदेशातील कापसाला मोठी मागणी आली व लागवड वाढली. त्याच दशकात या भागात आलेल्या लोहमार्गाने कापूस मुंबई बंदराकडे नेणे सुलभ केले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले व पुढे ते जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. या सर्व स्थित्यंतरांत कपाशी हे येथील प्रमुख नगदी पीक राहिले आहे.

जुन्या देशी वाणांवर फवारणी क्वचितच होई. १९७० मध्ये सुरत येथे तयार झालेल्या एच-४ या पहिल्या संकरित वाणानंतर खते, पाणी व कीटकनाशके यांवर आधारलेली लागवड पसरली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात देशातील लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे ५ टक्के क्षेत्र कपाशीखाली होते. पण शेतीत वापरल्या जाणाऱ्या एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी या एका पिकावर खर्च होत. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर बोंडअळीसाठीच्या फवारण्या प्रथम घटल्या. परंतु मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींसाठी फवारणी चालूच राहिली. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटी वाणाला दाद देणे सोडले, तेव्हा फवारण्या पुन्हा वाढल्या.

फवारणीचा मुख्य भार सालदार व रोजंदारीवरील मजूर यांच्यावर पडतो. खानदेशात पाण्याची सोय असलेल्या शेतात कपाशी मे महिन्याच्या अखेरीसच लावतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती कमरेच्या वर, कधी छातीपर्यंत वाढते. पाठीवरचा पंप घेऊन ओळीतून चालणारा मजूर नुकत्याच फवारलेल्या ओल्या पानांतून पुढे जातो. गळक्या पंपातील द्रावण पाठीवरून खाली ओघळते. उन्हाने व दमट हवेने घाम येतो आणि ओल्या त्वचेतून विषाचे शोषण अधिक होते. विष नाकातोंडातूनच शरीरात जाते, या समजुतीने केवळ तोंडाला रुमाल बांधणे त्यामुळे अपुरे ठरते. याहूनही घातक गोष्ट अशी की, दररोज थोडे थोडे विष शरीरात गेल्यास एंझाइमाची पातळी हळूहळू खाली येते, पण ती बरीच घटेपर्यंत कोणतेही लक्षण जाणवत नाही. कालपर्यंत ठणठणीत असलेला मजूर आज नेहमीच्याच फवारणीने कोसळतो, याचे कारण बहुधा आजच्या मात्रेत नसून मागील पंधरवड्यात असते.

लक्षणे व उपचार : तीव्र विषबाधेत लाळ, अश्रू, घाम व श्वसनमार्गातील स्राव यांचा पूर येतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, उलट्या व जुलाब होतात. ही मस्करिनी लक्षणे धोत्र्याच्या लक्षणांच्या नेमकी उलट असतात. ऐच्छिक स्नायू प्रथम थरथरतात व नंतर लुळे पडतात. मेंदूवरील परिणामांनी अस्वस्थता, गोंधळ, झटके व बेशुद्धी येते. मृत्यू बहुधा श्वसन बंद पडल्याने होतो.

ॲट्रोपीन हा यावरील मुख्य उतारा होय. फुप्फुसांतील स्राव थांबून श्वसन मोकळे होईपर्यंत ते वाढत्या मात्रेत शिरेतून देतात. मात्रा प्रमाणाबाहेर गेली, तर रोग्याला धोत्र्याचा भ्रम होतो. म्हणून हा उपचार रुग्णालयातच करावा लागतो. धोत्र्याच्या बियांत हेच द्रव्य असले, तरी त्याचे प्रमाण झाडागणिक बदलत असल्याने ती वनस्पती उतारा म्हणून देणे म्हणजे एका विषात दुसऱ्याची भर घालणे होय.

ॲट्रोपिनाची एक मर्यादा महाराष्ट्रातच स्पष्टपणे मांडली गेली. पुण्याचे तंत्रिकावैज्ञानिक आर. एस. वाडिया व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये अशा विषबाधेच्या २०० रोग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी लक्षणांचे दोन प्रकार केले. पहिला प्रकार रुग्णालयात येतानाच आढळणारा व ॲट्रोपिनाने सुधारणारा. दुसरा सुमारे एका दिवसानंतर दिसू लागणारा. या दुसऱ्या प्रकारात खांदे व मांड्या यांच्याजवळचे स्नायू, तसेच मस्तिष्क तंत्रिकांच्या अखत्यारीतील स्नायू दुर्बळ होतात आणि ॲट्रोपिनाचा उपयोग होत नाही. ऐच्छिक स्नायूंवरील ग्राही निकोटिनी असल्याने व ॲट्रोपीन केवळ मस्करिनी ग्राही अडवीत असल्याने असे घडणे डेल यांच्या १९१४ च्या वर्गीकरणाशी जुळणारे आहे. श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ मध्ये अशाच अवस्थेला ‘मध्यवर्ती लक्षणसमूह’ हे नाव दिले. पहिल्या दिवशी सुधारलेला रोगी त्यानंतर श्वसनाच्या स्नायूंच्या दुर्बलतेने दगावू शकतो. म्हणून त्याला लगेच घरी न सोडता श्वसनयंत्राची सोय असलेल्या ठिकाणी काही दिवस ठेवणे आवश्यक असते.

एंझाइमाला विषापासून सोडविणारे प्रालिडॉक्सिम हे औषध अमेरिकेत विल्सन व नाख्मानसोन यांच्या संशोधनातून १९५५ मध्ये पुढे आले. बंध पक्का होण्यापूर्वी दिले, तरच ते उपयोगी पडते. बारामती येथील एका रुग्णालयात २०० रोग्यांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते मोठ्या मात्रेत सतत दिल्याने मृत्यू कमी झाले. श्रीलंकेतील २००९ च्या चाचणीत मात्र तसा लाभ दिसला नाही. त्यामुळे त्याच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. ॲट्रोपीन व वेळेवर मिळणारा कृत्रिम श्वास यांविषयी मात्र दुमत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांपासून तेथवरचे अंतर मात्र अनेकदा रोग्याचे भवितव्य ठरविते.

तीव्र विषबाधेतून बरे झालेल्या व्यक्तींत अवधान, स्मरण व हातांचे कौशल्य यांत काही उणीव उरते, असे अमेरिकेतील १९८८ च्या एका पाहणीत आढळले. स्नायूंची शक्ती परत आली म्हणजे मेंदूही पूर्ववत झाला, असे गृहीत धरता येत नाही.

प्रतिबंध : २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले व वीसहून अधिक दगावले. त्यानंतर या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशाने १८ कीटकनाशकांवर बंदी आली. त्यांपैकी डायाझिनॉन, मिथिल पॅराथिऑन इत्यादींवरील बंदी लगेच, तर फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस इत्यादींवरील बंदी २०२० च्या अखेरीपासून लागू झाली. कपाशीवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी २०२३ च्या आदेशाने रद्द करण्यात आली. त्यांच्या जागी आलेल्या इमिडाक्लोप्रिडासारख्या नव्या कीटकनाशकांचे लक्ष्यही ॲसिटिलकोलिनाचे निकोटिनी ग्राही हेच आहे. कीटकांच्या ग्राहींवर ती अधिक जोराने कार्य करीत असल्याने माणसाला त्यांचा धोका तुलनेने कमी असतो. तथापि ती निर्धोक नव्हेत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या गटातील कीटकनाशके हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातील या एंझाइमाची ठराविक काळाने तपासणी करणे १९७४ पासून बंधनकारक आहे. हंगामापूर्वीची पातळी माहीत असेल, तर ती घसरू लागताच मजुराला काही आठवडे दुसरे काम देता येते आणि विषबाधा होण्यापूर्वीच टळते. अंग झाकणारे कपडे, न गळणारा पंप, वाऱ्याच्या दिशेने चालणे, काम संपताच साबणाने अंघोळ व कपडे बदलणे हे उपाय साधे आहेत. पण ते मजुराच्या हाती असण्यापेक्षा त्याला कामावर ठेवणाऱ्याच्या हाती अधिक असतात. धोत्र्याचे विष ओळखायला समाज फार पूर्वी शिकला, कारण त्याचा बळी वेड्यासारखा वागे व लोकांच्या नजरेत भरे. फवारणीचे विष एंझाइमाची पातळी मूकपणे उतरवीत जाते. म्हणून ते ओळखण्यासाठी लक्षणांची वाट न पाहता हंगामापूर्वी व त्यानंतर ठराविक काळाने रक्ताची तपासणी करणे हाच सर्वांत विश्वसनीय मार्ग ठरतो.